सुई आणि दांडी

आपली चूक कळण्यासाठी एखाद्याला वर्गमूळ काढावे लागावे, ही गोष्ट इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाला फारशी भूषणावह नाही. तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना मनुष्यस्वभावाचे बारकावे समजावून देत आलो. आपल्याच माणसांना न ओळखणाऱ्या राजांच्या शोकांतिका मी किती रसाने शिकविल्या! पण माझ्या सख्ख्या वडील भावावर मी जो अन्याय केला, तो मला एकाही शोकांतिकेने दाखवून दिला नाही. तो दाखविला एका साध्या भागाकाराने. आणि त्या भागाकाराचे कारण होते तबकडीवर फिरणारी एक सुई. हकीकत थोडी यांत्रिक आहे. वाचकांनी मधली आकडेमोड तेवढी सोसावी, एवढीच विनंती.

आमचे मूळ घर वारूळवाडीचे. पुण्याहून नाशिककडे जाताना नारायणगाव लागते, आणि वारूळवाडी त्याला इतकी चिकटून आहे की एक गाव कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले, हे परक्याला सांगता येणार नाही. नारायणगावची कीर्ती तमाशाची. यात्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी देण्यास येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर आणि विठाबाई ह्यांचे हे गाव. ढोलकीचा आवाज आमच्या लहानपणी वाऱ्यावर घरात येई. आमचे वडील – आम्ही त्यांना तात्या म्हणत असू – शाळामास्तर होते. त्यामुळे ढोलकी ऐकू आली की ते खिडकी लावून घेत आणि आपली तबकडी लावीत.

तात्यांना हा एकच नाद होता. पानसुपारीसुद्धा न खाणारा हा मनुष्य पुण्यास गेला की एखादी ध्वनिमुद्रिका छातीशी धरून परत येई. त्यांचे यंत्र पेटीवजा होते, १९७० नंतरच्या काळातले. त्याची सुई जाड, दांडी प्लास्टिकची, आणि आवाज म्हणावा तर शेजारच्या खोलीतून कोणी गात आहे असा. पण रविवारी संध्याकाळी दिवे लागले की त्या पेटीतून भीमसेन जोशी गात, हिराबाई बडोदेकर गात, बालगंधर्व गात. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झाले, तेव्हा तात्या तरुण होते. पुढे ते तबकड्यांवर निघाल्यावर त्यांनी एकेक तबकडी जमविली ती व्रतासारखी. माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो शाळा सोडून शेतीत पडला आणि कांद्याच्या पहिल्या पैशांतून त्याने सुलोचना चव्हाण यांच्या लावण्यांची तबकडी आणली. तात्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “घरात असू दे. पण मास्तरांच्या घरातून ती रस्त्यावर ऐकू जायला नको.” दादा ती दुपारी, तात्या शाळेत गेल्यावर लावी. मी तेव्हा तात्यांच्या बाजूचा होतो, हे आता कबूल केले पाहिजे.

तात्या २००९ साली गेले. वाटणी झाली, भांडण झाले नाही, पण मोकळेपणही राहिले नाही. जमीन दादा कसत होता, ती त्याच्याकडे राहिली. माझ्या वाट्याचे पैसे त्याने तीन वर्षांत फेडले. किरकोळ वस्तूंचा विषय निघाला तेव्हा मी तात्यांचे यंत्र मागितले. तबकड्या माळ्यावर होत्या. पुण्याच्या घरात त्यांना जागा नव्हती. त्या दादाकडे राहिल्या. म्हणजे गाणे एका भावाकडे आणि ते वाजविण्याचे साधन दुसऱ्याकडे! इतकी मूर्खपणाची वाटणी तलाठ्यानेही कधी पाहिली नसेल. पण आम्हां दोघांपैकी कोणासही त्या वेळी ती चमत्कारिक वाटली नाही. यंत्र पुण्यात दोन वर्षे कपाटावर पडून होते. पुढे घर रंगविताना मी ते भंगारवाल्याला दिले. दादाला हे सांगितले नाही.

पन्नाशी उलटल्यावर माणसाला बापाची आठवण वेगळ्या रीतीने येऊ लागते. २०२१ साली मी एक जुने जपानी टर्नटेबल विकत घेतले. दणकट, लाकडी बैठकीचे. त्याची दांडी – जाणकार तिला टोनआर्म म्हणतात – इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली, चांगली भरदार. तिच्या टोकाला कार्ट्रिज बसवावयाचे असते. अंगठ्याच्या पेराएवढी ही डबी. तिच्या पोटातून एक बारीक काडी बाहेर येते आणि त्या काडीच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो. तो कण तबकडीच्या खाचेतून चालतो, काडी थरथरते, डबीतले चुंबक किंवा वेटोळे हलते, आणि त्या हालचालीतून वीज उपजते. वीज तरी किती? चुंबक हलणाऱ्या प्रकारात व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या चार-पाचपट. वेटोळे हलणाऱ्या प्रकारात त्याच्याही दहाव्या हिश्शाहून कमी. एवढ्याशा पुंजीवर भीमसेनांचा षड्ज उभा राहावयाचा असतो.

मी ठरविले की यंत्र जुने असले तरी कार्ट्रिज उत्तमातले उत्तम घ्यावे. ज्या दुकानात गेलो तेथे माझ्या दांडीविषयी कोणी विचारले नाही, आणि विचारावयास हवे होते हे मलाही ठाऊक नव्हते. माझा एका महिन्याचा पगार जाईल अशा किमतीचे एक कार्ट्रिज मी निवडले. त्याची स्तुती मी चार ठिकाणी वाचली होती. सुई इतकी नाजूक की सव्वा ग्रॅम भारावर चालावी. ते माझ्या दांडीला बसले. बसणारच होते, कारण दोन स्क्रूंमधले अंतर जगभर बहुधा अर्धा इंच असते. कोणाचेही कार्ट्रिज कोणाच्याही दांडीला बसावे म्हणूनच हा शिरस्ता पडला. ‘बसले’ म्हणजे ‘जुळले’, असे समजण्याचा मोह ह्या अर्ध्या इंचानेच उत्पन्न केला आहे.

नव्या, सपाट तबकड्यांवर त्याने मला वेड लावले. मग मी वारूळवाडीला गेलो आणि तात्यांच्या दहा तबकड्या घेऊन आलो. दादाची लावण्यांची तबकडी त्यांत नव्हती. ती मी माळ्यावरच ठेवली. प्रत्येक तबकडी वहिनींनी जुन्या नऊवारीच्या कापडाची पिशवी शिवून तिच्यात घातली होती. पुण्यास आल्यावर त्या पिशव्या मी धूळ नको म्हणून काढून टाकल्या.

पहिलीच तबकडी लावली आणि माझे तोंड उतरले. तबकडीला वाक होता. पत्र्याच्या घरात, माळ्यावर, बारा उन्हाळे काढलेली ती वस्तू. तिची कड पापडासारखी उठली होती. सुई त्या उंचवट्यावर चढली, दांडी हेलकावली, आणि ते हेलकावणे थांबेच ना. नदीच्या पुरात नाव डुलावी तशी ती डुलत राहिली. स्पीकरचे पडदे कसलाही आवाज न करता आतबाहेर होऊ लागले, जणू यंत्राला धाप लागली होती. सूर लांबला की थरथरे. तिसऱ्या फेऱ्याला सुई खाच सोडून उडाली आणि दोन ओळी ओलांडून पलीकडे पडली. दहांपैकी सात तबकड्यांची हीच अवस्था.

त्या रात्री मी दादाला फोन केला. मी ओरडलो नाही. अध्यापक माणसे ओरडत नाहीत, शांतपणे बोलतात, आणि ते अधिक लागते. मी म्हणालो, “दादा, तात्यांचा एवढाच तर ठेवा होता. तोही पत्र्याखाली भाजून काढलास. एक कपाट मिळालं नाही का घरात?”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग दादा म्हणाला, “वाजवायचं यंत्र तू नेलंस. मी त्या रोज बघायच्या कशासाठी?” आणि फोन ठेवला.

पुढे चार महिने आम्ही बोललो नाही. दिवाळीला वहिनींचा फराळ आला. त्याबरोबर चिठ्ठी नव्हती.

आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे एक सहकारी आहेत. त्यांच्यापाशी मी एकदा तबकड्यांचे रडगाणे गायलो. त्यांनी सहानुभूती दाखविली नाही, विचारले, “दांडीचे परिणामी वस्तुमान किती? आणि कार्ट्रिजची लवचीकता किती?” दोन्ही प्रश्न मला नवे होते. ते म्हणाले, “मग तबकड्यांना दोष देण्याआधी एवढे दोन आकडे घेऊन या.”

मी कागदपत्रे शोधली. दांडीचे वस्तुमान १५ ग्रॅम निघाले. हे सगळ्या दांडीचे वजन नव्हे. आडवर फिरताना सुईच्या टोकाला जेवढी दांडी जाणवते तेवढे. कार्ट्रिज ६ ग्रॅम, स्क्रू वगैरे १ ग्रॅम, एकूण २२. लवचीकता ३०. म्हणजे एक दशांश ग्रॅमच्या वजनाइतका दाब दिला तर सुई सुमारे ३० मायक्रॉन हटते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. फार मऊ, फार हळवी सुई.

सहकाऱ्यांनी फळ्यावरच हिशेब मांडला. सुईची काडी ही एक स्प्रिंग आहे आणि दांडी हे तिला टांगलेले ओझे. प्रत्येक स्प्रिंगला आणि ओझ्याला मिळून एक स्वाभाविक हेलकावा असतो, झोपाळ्याला असतो तसा. झोपाळ्याला त्याच्याच ठेक्यात ढकलले की तो वाढत जातो, भलत्या ठेक्यात ढकलले की जागीच राहतो. ह्या वाढण्याला अनुस्पंदन म्हणतात. हा ठेका काढण्याची रीत अशी: ओझे आणि लवचीकता ह्यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे, आणि १५९ ला त्या वर्गमुळाने भागावे. २२ गुणिले ३० म्हणजे ६६०. वर्गमूळ सुमारे २५.७, भागाकार ६.२. माझी दांडी सेकंदाला सहाच्या थोड्या वर हेलकाव्यांसाठी जणू तयार होऊन बसली होती.

“आता तबकडीकडे पाहा,” ते म्हणाले. ती मिनिटाला सव्वातेहेतीस नव्हे, तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते; म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. एकच उंचवटा असला तर तो सेकंदाला अर्ध्याहून थोडा अधिक वेळा येतो. पण वाक कधी एकटा नसतो; एका फेऱ्यात अनेक लहानमोठे चढउतार असतात, आणि त्यांचे धक्के सेकंदाला सात-आठपर्यंत पोहोचतात. उलट, गाण्याचा प्रदेश सुरू होतो तो विसाच्या आसपास. त्याखालचे कानाला ऐकूच येत नाही. तेव्हा खाली वाकाचे राज्य, वर गाण्याचे राज्य, आणि मध्ये आठ ते बारा एवढी एक चिंचोळी पट्टी, जेथे कोणीच राहत नाही. दांडी आणि सुई ह्यांचा हेलकावा त्या ओसाड पट्टीत पडला पाहिजे. माझा पडला होता वाकाच्या ऐन वस्तीत. तबकडी जरा उठली की ती दांडीला नेमक्या तिच्याच ठेक्यात ढकलीत होती.

“म्हणजे तबकड्या खराब नाहीत?” मी विचारले.

“वाकल्या आहेत,” ते म्हणाले. “पण उडविते आहे ती तुमची जोडी.”

घरी येताना माझ्या मनात जे चालले होते ते येथे लिहिण्यासारखे नाही. मात्र त्यानंतर मी ह्या विषयाचे मिळेल ते वाचले, आणि तेव्हा कळले की माझी चूक फार जुनी व प्रतिष्ठित आहे. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित करून गेला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्या काळच्या ग्रामोफोनला पोलादी सुई आणि जड साउंडबॉक्स असे. सगळे एकाच कारखान्यातून एकत्र येई आणि तबकडीला आपल्या वजनाखाली सरळ धरी. तबकडी झिजे, पण सुई उडत नसे. पुढे दांडी एकाची, सुई दुसऱ्याची, असे वेगवेगळे उत्तम मिळू लागले आणि जुळवणीचे काम गिऱ्हाइकाच्या माथी आले. त्यांत दोन घराणी पडली. एका घराण्यात सुई ताठ व दांडी जड. दुसऱ्यात सुई मऊ व दांडी हलकी. इंग्लंडमध्ये एस्‌एम्‌ई कंपनीने पुढे साडेसहा ग्रॅम वस्तुमानाची दांडी केली ती ह्या दुसऱ्या घराण्यासाठी. माझे महागडे कार्ट्रिज तिला लावले असते तर ओझे साडेतेरा झाले असते आणि भागाकार आला असता आठाच्या जवळपास. म्हणजे कार्ट्रिजही निर्दोष होते आणि दांडीही. दोघांनाही एकमेकांच्या घरी दिले होते, एवढाच काय तो दोष.

ह्यात माझ्यासारख्या माणसाला एक गोष्ट विशेष लागली. समान समानाशी जुळते, असे आपण धरून चालतो. चांगल्याला चांगले, भारीला भारी. येथे उलट आहे. ओझे वाढले की लवचीकता कमी हवी. ओझे घटले की ती अधिक हवी. भरदार दांडीला हळवी सुई दिली तर दोघांचा गुणाकार फार होतो. हलक्या दांडीला ताठ सुई दिली तर फार थोडा होतो, आणि मग हेलकावा वर चढून गाण्याच्या खर्जात शिरतो. दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी. जोडी कितीही उत्तम जुळली तरी हेलकावा नाहीसा होत नाही. जगातल्या कोणत्याही दांडीला आणि कोणत्याही सुईला आपला एक ठेका असतोच. तो मंद करता येतो. तेलाचे भांडे लावून, किंवा श्युअर कंपनीने केला होता तसा सुईपुढे बारीक कुंचला बसवून. पण मुख्य कौशल्य तो कोठे पडू द्यावयाचा ह्यात आहे. मी आणि दादा ह्यांच्यातही एक हेलकावा होताच. दोन भाऊ म्हटले की असावयाचाच. तो मी नेमका तात्यांच्या तबकड्यांवर आणून सोडला होता.

मग मी डेनॉनचे ‘डीएल १०३’ घेतले. हे कार्ट्रिज १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी जपानच्या नभोवाणीच्या उपयोगासाठी तयार झाले, आणि अजूनही विकत मिळते. पहिल्याच्या मानाने किंमत बरीच कमी, रूप अगदी साधे. सुई गोल टोकाची, वजन साडेआठ ग्रॅम, आणि भार अडीच ग्रॅम. त्याच्या लवचीकतेचा आकडा ५ असा छापलेला असतो. पण येथेही एक खोच आहे. जपानी कारखानदार हा आकडा बहुधा सेकंदाला १०० कंपनांवर मोजतात. आपल्याला हवा तो दहाच्या आसपासचा; तेथे तो दीडपट-दुपटीच्या घरात जातो. म्हणजे आठ ते दहा. आता ओझे साडेचोवीस. भागाकार येतो दहा ते साडेअकरा ह्यांच्या दरम्यान. त्या ओसाड पट्टीच्या आत. एवढ्या क्षीण विजेसाठी एक लहानसा ट्रान्सफॉर्मर जोडावा लागला, तो सहकाऱ्यांनीच आणून दिला.

मी तीच पहिली तबकडी लावली. वाक होता तसाच होता. दांडी वर चढली, खाली उतरली, पुन्हा वर चढली. पण डुलली नाही. स्पीकरची धाप बसली. बारकाईने ऐकले तर लांब सुरात अजून किंचित लहर होती, ती वाकाची स्वतःची. तिला उपाय नाही. महागड्या सुईने दाखविलेले तंबोऱ्याचे काही बारकावे हिने दाखविले नाहीत, हेही खरे. परंतु सातांपैकी पाच तबकड्या शेवटपर्यंत वाजल्या. दोन मात्र इतक्या वाकल्या होत्या की त्यांना कोणतेच गणित पुरे पडले नाही. पाचवी संपली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. अशा वेळी गावाकडे फोन करता येत नाही, ह्याचे मला बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाज वाटली.

पुढच्या रविवारी यंत्र, स्पीकर आणि तबकड्या गाडीत घालून मी वारूळवाडीला गेलो. आमच्या जुन्नर तालुक्यात आता ‘तबकडी’ म्हटले की लोकांना खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आठवते: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आकाशातून येणारे क्षीणातले क्षीण संदेश टिपणाऱ्या. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही; बारीक तारांच्या जाळीचा आहे, वारा त्यातून निघून जावा म्हणून. मी त्या कितीदा तरी पाहिल्या होत्या. त्या दिवशी मंचर सोडल्यावर प्रथमच मनात आले की पत्रा अधिक भक्कम दिसला असता, परंतु वाऱ्यापुढे टिकविण्यासाठी त्याला किती लोखंड लागले असते!

दादा ओट्यावर बसला होता. त्याने गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि उठून स्पीकरचे एक टोक धरले. आत नेताना आम्ही काही बोललो नाही. चहा झाल्यावर मी म्हणालो, “दादा, तबकड्यांविषयी मी बोललो ते चुकीचं होतं. दोष माझ्या जोडणीचा होता.” आणि मग, तेथेच थांबलो तर अर्धे सांगितल्यासारखे होईल म्हणून, म्हणालो, “तात्यांचं यंत्र मी भंगारात दिलं. केव्हाच.”

“माहीत आहे,” दादा म्हणाला. “तुझ्या मुलानं सांगितलं होतं. आठ-दहा वर्षं झाली त्याला.”

म्हणजे त्या रात्री फोनवर त्याला हे ठाऊक होते, आणि तो बोलला नव्हता.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, हे दर पावसाळ्याआधी सगळ्या तबकड्या खाली काढायचे. माळ्यावर गळतं ना. चार महिने आमच्या पलंगाखाली, आणि उन्हाळ्यात पलंगाखाली मुंग्या होतात म्हणून पुन्हा वर. पिशव्या मी त्यासाठीच शिवल्या.” त्यांनी इकडे तिकडे पाहिले. “पिशव्या आणल्या नाहीत का?”

मी म्हणालो, “नाही.” त्यांनी पुढे विचारले नाही.

मी यंत्र मांडले आणि गीतरामायणाची एक तबकडी काढली. दादा खाली वाकून दांडीकडे पाहत राहिला. गाण्याकडे त्याचे लक्ष नव्हते. सुई उंचवट्यावर चढे-उतरे. मी त्याला ग्रॅम, लवचीकता, वर्गमूळ हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे जू. जू मानेला बघून करतात. बैलाच्या किमतीला बघून नाही.” तीन महिने जे मी वाचीत होतो ते त्याने एका वाक्यात संपविले, आणि त्यात नवे काही सांगितल्याचा त्याला भास नव्हता.

बाजू संपली. मी उठून माळ्यावर गेलो. सुलोचनाबाईंची तबकडी आपल्या पिशवीत होती. हिरवी नऊवारी, काठासकट. खाली आणून मी ती लावली. ती इतरांहून कमी वाकली होती. बहुधा ती सर्वांत तळाशी, बाकीच्यांच्या भाराखाली राहिली म्हणून. दादा जरा अवघडला. रस्त्याकडची खिडकी उघडी होती. तो ती लावण्यासाठी अर्धा उठला, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा खाली बसला.

यंत्र मी तेथेच ठेवून आलो आहे. महिन्यातून एक रविवार मी वारूळवाडीला जातो. दादाने माळ्याखाली पत्र्याला लाकडी फळ्या मारून घेतल्या आहेत. वहिनींना मी नऊ पिशव्यांपुरते कापड नेऊन दिले, दहावी त्यांनी आपल्याच एका लुगड्याची शिवली. महागडे कार्ट्रिज माझ्या टेबलाच्या खणात, त्याच्या डबीत आहे. त्याच्यासाठी एखादी हलकी दांडी मिळते का, ते मी पाहतो आहे, घाई नाही.